स्पेनचा राजा, मु. पो. एडिसन

चिठ्ठी उघडली तर आत एकच शब्द होता. सुनेत्राबाईंनी चष्मा नाकावर सरकवला, शब्द पुन्हा वाचला आणि शाळेतल्यासारखा हात वर केला.

"मॅडम, मला राजा आलाय. बदलून राणी मिळेल का?"

प्रोफेसर अम्पारो टेबलाला टेकून उभ्या होत्या. मूळच्या स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया शहराच्या, पन्नाशीच्या, आखूड केसांच्या आणि जाड आवाजाच्या. "राणी होती," त्या म्हणाल्या, "पण आपल्या कोर्समध्ये तिला काही बोलायचं नाहीये."

"मग तर बरंच की!"

वर्ग हसला. सुनेत्राबाईंनी विनोद केलेला नव्हता.

दोन हजार सहा सालचा जानेवारी होता. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या काउंटी कॉलेजात दर मंगळवारी संध्याकाळी 'हुकूमशाहीनंतरचा स्पेन' हा वर्ग भरायचा. अम्पारो मॅडमची शिकवायची तऱ्हा अशी, की इतिहास वाचायचा नाही, करायचा. फ्रँको नावाचा हुकूमशहा जवळजवळ चाळीस वर्षं देश मुठीत ठेवून पंचाहत्तर साली मेला. मरण्याआधी त्याने स्वतःच्या हाताने घडवलेला एक राजपुत्र गादीवर बसेल अशी व्यवस्था करून ठेवली होती. हा राजा म्हणजे कळसूत्री बाहुलं, चार दिवस टिकेल, असंच सगळे समजत होते. पुढे काय झालं ते वर्गाने चार महिन्यांत स्वतः घडवून दाखवायचं, आणि कुणी कोण व्हायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं.

डग नावाचा एक रिटायर्ड पोलीस सार्जंट होता. त्याला कम्युनिस्ट पक्षाचा पुढारी आला. त्याने ती चिठ्ठी दोन बोटांत अशी धरली, जणू गुन्ह्याच्या जागी सापडली असावी. डोरीनबाईंना लष्कर आलं. शाळेच्या कॅफेटेरियात मुलांना जेवण वाढण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं.

"सगळं लष्कर?" त्यांनी विचारलं.

"सगळं."

डोरीनबाई समाधानाने खुर्चीत मागे टेकल्या.

सुनेत्राबाईंना खरं तर स्पॅनिश बोलायला शिकायचं होतं. शेजारच्या मेटचन गावातल्या एका लॅबमध्ये पंचवीसेक वर्षं त्यांनी लोकांच्या हातांतून तपासणीसाठी रक्त काढलं. निम्मे पेशंट स्पॅनिश बोलणारे, आणि सुनेत्राबाईंना येई ते 'हात', 'मूठ' आणि 'किंचित टोचेल' एवढंच. समोरचा माणूस खुर्चीत बसून घडाघडा काहीतरी सांगायचा, कधी रडायचा, आणि ह्या 'किंचित टोचेल, किंचित टोचेल' म्हणत राहायच्या. रिटायर झाल्यावर ही भाषा शिकायचीच, असं त्यांनी ठरवलं होतं. ठरवलं होतं म्हणजे, राजीवरावांना बोलून दाखवलं होतं.

राजीवरावांनी लगेच कॉम्प्युटर उघडून रजिस्ट्रेशन करून टाकलं. गडबडीत 'स्पॅनिश'ऐवजी 'स्पेन'वर क्लिक झालं. पुस्तक घरी आलं तेव्हा ते लक्षात आलं. पण आपल्या हातून चूक होते ही कल्पना राजीवरावांना नवीन होती आणि ती त्यांनी घरात शिरू दिली नाही.

"भाषा काय, कोणीही शिकतं," ते म्हणाले. "हिस्टरीने माणसाचं व्हिजन वाढतं. मी मुद्दामच घेतला हा कोर्स."

राजीवराव दुष्ट नव्हते, हे आधी सांगायला हवं. नागपूरहून इंजिनिअर होऊन आलेला हा माणूस जन्मभर न्यू जर्सीचे पूल तपासत हिंडला. पूल पडायचा नसेल तर कुणीतरी एकाने निर्णय घ्यावा लागतो, अशी त्यांची ठाम समजूत होती आणि ती रोज संध्याकाळी ते डब्यासारखी घरी घेऊन येत. गाडी कुठली, पडदे कुठले, मुलाने, मिहीरने काय शिकायचं, भारतात कुठल्या महिन्यात जायचं, हे सगळं ते ठरवत, आणि चांगलंच ठरवत. सुनेत्राबाईंना विचारायचं तेवढं राहून जायचं. सुनेत्राबाईंचंही सांगायचं राहून जायचं. दोघांच्या या विसराळूपणावर संसार छान चालला होता.

"राजा? म्हणजे लीड रोल!" त्या रात्री जेवताना राजीवराव खूश झाले. "अगं, मग तयारी जोरदार पाहिजे. उद्याच लायब्ररीत जातो मी."

"अहो, पण मला फार बोलायचं नाहीये. मॅडम म्हणाल्या, राजा बरेचदा गप्पच असतो."

"ते तू माझ्यावर सोड."

पुढच्या शनिवारी दारावरची बेल वाजली. दारात सीमा उभी होती. सीमा मूळची डोंबिवलीची, आता एडिसनमधली निम्मी मराठी घरं तिनेच विकलेली किंवा घेऊन दिलेली. तिच्या हातात भिंतीवर लाल ठिपका पाडून अंतर मोजणारं यंत्र होतं.

"हाय काकू! काका आहेत ना? मी फटाफट मेझरमेंट्स घेते." ती आत शिरलीच. "किचन अजून ओरिजिनलच आहे का? ग्रॅनाइट नाही केलंत?"

"कशाला हवंय ग्रॅनाइट?"

"बायर्स बघतात हो काकू."

"कोण बायर्स?"

लाल ठिपका फ्रीजवर जाऊन थांबला. सीमाने सुनेत्राबाईंकडे पाहिलं, मग जिन्यावरून उतरणाऱ्या राजीवरावांकडे पाहिलं. "काका," ती म्हणाली, "तुम्ही काकूंना सांगितलंय ना?"

"सांगणारच होतो," राजीवराव म्हणाले. "म्हटलं, आधी भाव कळू दे."

मग कळलं ते असं. मिहीर नॉर्थ कॅरोलायनात, कॅरी गावात, एका औषध कंपनीत होता. त्याने नवं घर घेतलं होतं, खाली आई-बाबांसाठी वेगळी खोली, वेगळं बाथरूम. बाप-लेकांचं फोनवर ठरलं होतं. घरांच्या किमती इतक्या वर पुन्हा जायच्या नाहीत, तेव्हा एडिसनचं घर आत्ता विकायचं आणि जूनमध्ये मुक्काम हलवायचा.

"इशिताजवळ राहायला मिळेल तुला," राजीवराव म्हणाले. "आवडणार नाही का?"

इथेच पंचाईत होती. नात पाच वर्षांची होती आणि फोनवर 'आजी, व्हेन आर यू कमिंग' म्हणायची. आवडणार नाही असं कसं म्हणायचं? पण सुनेत्राबाईंना हे गावही आवडत होतं, आणि त्याचं कारण कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. दुकानात, पोस्टात, पार्किंगमध्ये अनोळखी माणसं त्यांना बघून हसायची आणि बाही वर करायची. "ओळखलंत का?" चेहऱ्यावरून सुनेत्राबाई कुणालाच ओळखत नसत. पण कोपरातली शीर पाहिली की बोलायच्या, "हां, तुम्ही! डाव्या हाताला मिळत नाही, उजव्यालाच." एवढ्या मोठ्या अमेरिकेत कुणी शिरेवरून ओळखावं असं दुसरं गाव त्यांच्यापाशी नव्हतं. कॅरीत त्या मिहीरच्या आई होणार होत्या. चांगलंच होतं ते. पण एवढंच होतं.

"बघू," त्या म्हणाल्या. राजीवरावांनी याचा अर्थ नेहमीप्रमाणे 'हो' असा घेतला.

स्पेनचं मात्र जोरात चाललं होतं. लायब्ररीतून राजीवरावांनी पाच जाडजूड पुस्तकं आणली आणि सुनेत्राबाईंचं एक प्रकरण होईतो त्यांनी दोन पुस्तकं संपवली. शेजारच्या विनीताकडे हळदीकुंकू होतं. पुरुषमंडळी बेसमेंटमध्ये क्रिकेट बघत बसलेली असताना राजीवरावांनी आवाज बंद करून त्यांना सत्त्याहत्तर सालची स्पेनची महागाई समजावून सांगितली. "इमॅजिन करा यार, वर्षात भाव पाव पटीने वाढतायत! पाव पटीने!" मंडळी पडद्याकडे बघत माना डोलावत होती. एक विकेट पडली ती कुणालाच धड बघता आली नाही. त्यानंतर त्यांना बेसमेंटमध्ये जागा देताना लोक टीव्हीपासून लांबची खुर्ची देऊ लागले.

याच महागाईवरचा करार फेब्रुवारीत वर्गात झाला. मॅडमनी टेबलं जोडून घेतली. एका बाजूला सरकार आणि कारखानदार, दुसऱ्या बाजूला डग आणि त्याचे कामगार. पगारवाढीला लगाम घालायला कामगारांनी कबूल व्हायचं. बदल्यात सरकारने श्रीमंतांकडून नीट कर घ्यायचा, पेन्शन सुधारायचं, युनियनला मोकळीक द्यायची.

"पगार कमी घ्या म्हणता?" डगचा चेहरा लालबुंद झाला. "मी जन्मभर पोलीस युनियनमध्ये होतो. बाई, मी सही करत नसतो."

"तुम्ही कम्युनिस्ट आहात," मॅडमनी आठवण दिली.

"दॅट्स वर्स!"

तासभर कुणी हलेना. राजा खोलीत नसतो, म्हणून सुनेत्राबाई खिडकीपाशी वेगळ्या बसून होत्या. वर्गाची वेळ ऐन जेवणाची असते म्हणून त्या पिशवीत कडबोळी घेऊन यायच्या. त्यांनी डबा उघडून मुकाट्याने टेबलाच्या मधोमध ठेवला आणि पुन्हा जागेवर जाऊन बसल्या. कारखानदाराने एक उचललं. डगने त्याच्याकडे पाहून दोन उचलली. तोंड भरलेलं असताना ओरडता येत नाही, आणि कडबोळं कुरकुरीत असलं की दुसऱ्याचं बोलणं ऐकण्यासाठी खाणं थांबवावं लागतं. डबा रिकामा होईतो करार झाला.

"राजा या खोलीत नव्हता," मॅडम कडक आवाजात म्हणाल्या.

"मी नव्हतेच," सुनेत्राबाई म्हणाल्या. "डबा होता."

मॅडम हसल्या, आणि मग खुर्ची ओढून त्यांनी सांगितलं, की या कराराने कुणीच खूश झालं नव्हतं. त्यांचे वडील गोदीत कामाला होते, ते आठवडाभर पुढाऱ्यांना शिव्या देत होते. "सगळ्यांना हवं त्यापेक्षा कमी मिळालं. म्हणूनच तो टिकला." आणि पुढे त्या म्हणाल्या, "माझ्या आईला पंचाहत्तर सालापर्यंत नवऱ्याच्या परवानगीशिवाय बँकेत खातंसुद्धा काढता येत नव्हतं. कायदाच होता तसा. पहिल्या निवडणुकीला ती लग्नातला कोट घालून गेली. घामाघूम झाली होती, जून महिना. पण काढला नाही."

सुनेत्राबाईंनी घरी आल्यावर राजीवरावांना ते सांगितलं.

"खातं काढता येत नव्हतं? काय मागास लोक!" राजीवराव म्हणाले. "बरं, सीमाचा फोन होता. बायर मिळालाय. आश्लेषा म्हणून एक मुलगी आहे पुण्याची, नवरा-बायको दोघं आयटीत. पुढच्या शनिवारी पेपर्स घेऊन येतेय ती. आणि हे तुझं भाषण."

त्यांनी टाइप केलेली चार पानं पुढे ठेवली. पुढचा मंगळवार एक्क्याऐंशी सालचा होता. त्या साली फेब्रुवारीत काही फौजींनी पिस्तुलं रोखून संसदेत घुसून सगळ्या खासदारांना ओलीस धरलं, आणि सगळा देश राजा काय म्हणतो याची वाट बघत बसला.

"लक्षात ठेव, सुरुवात हळू करायची. दुसऱ्या पानावर मी पॉझ टाकलेत."

मंगळवारी वर्ग नीट बसतो न बसतो तोच दार धाडकन उघडलं आणि डोरीनबाई छत्री रोखून आत आल्या.

"सगळे खाली! जमिनीवर! आत्ता!"

तो आवाज चारशे मुलांच्या कॅफेटेरियात कमावलेला होता. अख्खी संसद क्षणात बाकांखाली गेली. पंतप्रधान झालेल्या मुलाने तर पाण्याची बाटलीही सोबत नेली. फक्त डग खुर्चीत ताठ बसून राहिला.

"तू पण!"

"बाई, माझ्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. मी खाली गेलो तर वर यायला ॲम्ब्युलन्स लागेल."

"जमलं!" मॅडम कोपऱ्यातून आनंदाने ओरडल्या. "खरा कम्युनिस्ट पुढारीही खुर्चीतून हलला नव्हता!" डगच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच त्या पक्षाविषयी थोडी आपुलकी दिसली.

आता राजाची पाळी. बाहेर कॉरिडॉरमध्ये चार विद्यार्थी चार प्रांतांचे सेनापती होऊन मोबाइल घेऊन उभे होते. त्यांना मॅडमनी बजावलं होतं, की राजाचा आवाज डळमळला तर खुशाल बंडात सामील व्हा. सुनेत्राबाईंनी राजीवरावांची चार पानं उघडली, पहिला नंबर लावला.

"महाराज, आमची फौज तयार आहे," पलीकडून आवाज आला. "काय हुकूम?"

पान म्हणत होतं : 'देशाच्या गौरवशाली परंपरेचं स्मरण करून सर्व संबंधितांना मी असं आवाहन करू इच्छितो, की...' सुनेत्राबाईंनी वाक्याच्या शेवटाकडे नजर टाकली. शेवट पुढच्या पानावर होता.

बाकांखालून सगळी संसद त्यांच्याकडे बघत होती. डोरीनबाईंची छत्री रोखलेली होती. आणि सुनेत्राबाईंना अचानक ही माणसं ओळखीची वाटली. भ्यायलेली माणसं. आयुष्यभर त्यांच्या खुर्चीत हीच माणसं येऊन बसली होती. कुणी धटिंगण असायचा, कुणी आरडाओरडा करायचा, सुई दिसली की सगळ्यांचा रंग एकच व्हायचा. त्यांच्याशी कसं बोलायचं हे काही पुस्तकात बघावं लागत नव्हतं. त्यांनी पानं खाली ठेवली.

"मूठ सोडा," त्या फोनवर म्हणाल्या.

"सॉरी?"

"मूठ आवळून धरलीय तुम्ही, ती सोडा. लांब श्वास घ्या. तुम्ही बराकीत परत जाताय. मी सांगेपर्यंत हलायचं नाही. दोन मिनिटांत संपेल सगळं."

"येस, मॅम," सेनापती म्हणाला, आणि महाराज म्हणायचं विसरला.

दुसरा, तिसरा, चौथा. कुणालाही तीन वाक्यांच्या वर लागली नाहीत. मग त्या वळल्या आणि डोरीनबाईंच्या पुढ्यात जाऊन हात पुढे केला. डोरीनबाईंनी क्षणभर विचार केला आणि छत्री त्यांच्या हातात दिली. बाकांखालून टाळ्या वाजल्या. डोरीनबाई म्हणाल्या, "मी कुणाचं ऐकत नाही हां. पण तू तसं बोललीस की बाही वर करावीशी वाटते."

मॅडम टेबलाच्या कडेवर येऊन बसल्या. मग सांगू लागल्या. त्या रात्री व्हॅलेन्सियाच्या रस्त्यांवर खरोखरचे रणगाडे आले होते. त्या खिडकीतून बघत होत्या. "चौकात सिग्नल लाल होता. रिकामा रस्ता, सगळं शहर घरात. आणि रणगाडा सिग्नलला थांबला. हिरवा झाल्यावर पुढे गेला." वर्ग हसला. मॅडमही हसल्या आणि त्यांनी रुमालाने डोळे टिपले. "माझी आई म्हणाली, जे सिग्नल पाळतात ते परत जातील. कुणीतरी जा म्हणायला हवं फक्त."

घरी राजीवराव दारातच उभे होते. "कसं झालं भाषण? पॉझ घेतलेस?"

"वाचलं नाही मी."

"वाचलं नाहीस?" ते खरोखरच खाली बसले. "अगं, चार पानं लिहिली होती."

"छान होती हो. पण ती संपेपर्यंत रणगाडे आपल्या ड्राइव्हवेत आले असते."

राजीवराव हसले नाहीत. त्या रात्री त्यांनी दूध घेतलं नाही, आणि त्यांचं दुखावणं खरं होतं हे सुनेत्राबाईंना कळलं. चार पानं त्यांनी मनापासून लिहिली होती. वाईट वाटलं. पण झोप मात्र छान लागली, याचंही थोडं वाईट वाटलं.

शनिवारी डायनिंग टेबलावर कागद पसरलेले होते. सीमा होती, मधोमध स्पीकरवर ठेवलेला फोन होता आणि फोनमध्ये कॅरीहून मिहीर होता.

"काका, तुम्ही इथे, इथे आणि इथे," सीमा बोट फिरवत होती. "आणि काकू, तुमची इथे. घर दोघांच्या नावावर आहे ना."

राजीवरावांनी तिन्ही ठिकाणी सही केली आणि पेन सुनेत्राबाईंकडे सरकवलं. सुनेत्राबाईंनी पेनाला टोपण लावलं.

"मी नाही करणार सही."

"आत्ता नको तर संध्याकाळी कर," राजीवराव म्हणाले.

"संध्याकाळीही नाही. मला इथेच राहायचंय."

फोनमधून मिहीर म्हणाला, "आई? आर यू ओके? बाबा, आईला बरं नाहीये का?"

"हे सगळं त्या कोर्समुळे," राजीवराव म्हणाले.

"कोर्स तुम्हीच घेतला होता," सुनेत्राबाई म्हणाल्या. "मुद्दाम."

सीमा ग्रॅनाइट नसलेल्या ओट्याकडे बघू लागली. फोनमध्ये थोडी खुडबुड झाली आणि सुनेचा, ऋताचा आवाज आला. ती बहुधा मिहीरशी बोलत होती.

"थँक गॉड! खालच्या रूमचं मला तरी कुणी विचारलं होतं का? मी तिथे डान्स क्लास सुरू करणार होते. फ्लोअरिंगचं कोटेशनपण घेतलंय."

"ऋता," मिहीर म्हणाला, "वी आर ऑन स्पीकर."

 मग ऋता अगदी बारीक आवाजात म्हणाली, "हाय बाबा."

राजीवराव फोनकडे बघत होते. जन्मभर ज्या पुलावरून ते स्वतः ये-जा करत होते, त्याचे दोन खांब जागेवर नव्हतेच असं कुणी सांगावं, तसा त्यांचा चेहरा झाला होता. सुनेत्राबाईंना त्यांची दया आली. त्यांनी फोन स्वतःकडे ओढला.

"ऋता, तू क्लास सुरू कर. आम्ही येऊ तेव्हा हॉलमध्ये झोपू. आणि इशिताला म्हणावं, आजी येणार आहे, राहायला येणार नाही, पण सारखी येणार आहे."

"आई, यू आर द बेस्ट," ऋता म्हणाली.

सीमाने कागद गोळा केले. "काकू, आश्लेषाला मी दुसरं घर दाखवते," ती म्हणाली आणि दारात वळून हळूच पुढे म्हणाली, "मला ना, या धंद्यात दोन सह्या लागतात हेच आवडतं."

राजीवराव तीन आठवडे रागावले होते. राग ते टीव्हीच्या आवाजाने व्यक्त करत. आवाज वाढला की सुनेत्राबाई समजत, आज जास्त आहे. चहा दोघांचा वेळेवर व्हायचा, बोलणं व्हायचं नाही. एकदा त्या कोर्सचं पुस्तक वाचत बसल्या असताना ते पाठीमागून म्हणाले, "शहाऐंशी साली स्पेन युरोपच्या बाजारात शिरला, ते वाच. मोठा फरक पडला त्याने." सुनेत्राबाईंनी मागे वळून "कुठल्या पानावर?" म्हणून विचारलं. त्यांनी पान काढून दिलं. त्या दिवशी टीव्हीचा आवाज कमी झाला.

एप्रिलमध्ये विनीताकडे सगळे जमले असताना राजीवरावांनी घोषणा केली. "मी असं ठरवलंय, की एडिसनचं घर विकायचं नाही. मुलांना त्यांची स्पेस पाहिजे. मी अधूनमधून जाऊन राहीन कॅरीला. हिचं इथे कॉलेज असतं." लोकांनी त्यांच्या दूरदृष्टीचं कौतुक केलं. विनीताने सुनेत्राबाईंकडे पाहिलं. सुनेत्राबाई म्हणाल्या, "हो ना, यांनीच ठरवलं," आणि वाटीत आणखी श्रीखंड घेतलं.

कोर्स मे महिन्यात संपला. डगला बी मायनस मिळालं आणि त्याने ते फ्रेम करणार असल्याचं सांगितलं. सुनेत्राबाईंना ए मायनस मिळालं. मायनस कशाबद्दल, हे राजीवरावांना मॅडमना ईमेल करून विचारायचं होतं. "नको," सुनेत्राबाई म्हणाल्या, आणि राजीवरावांनी खरंच केला नाही.

पुढच्या आठवड्यात राजीवराव एकटेच कॅरीला निघाले, महिन्याभरासाठी. न्यूअर्क विमानतळावर सोडायला सुनेत्राबाई गाडी चालवत होत्या. टर्नपाइकच्या हायवेवर राजीवराव शेजारी बसून उजवा पाय खाली दाबत होते, जणू तिथेही ब्रेक असावा. "लेन बदल. नको, आता नको. ट्रक बघ." टर्मिनलपाशी त्यांनी बॅग उतरवली, काच खाली करायला लावली, घर गरम करणाऱ्या फर्नेसचा फिल्टर कुठे आहे ते सांगितलं, गाडीत तेल कधी घालायचं ते सांगितलं. मग काही सुचेना.

"जपून जा," सुनेत्राबाई म्हणाल्या. "पोचलात की फोन करा."

"तू पण. म्हणजे, घरी पोचलीस की." ते दोन पावलं गेले आणि परत आले. "ती चार पानं... फेकलीस का गं?"

"नाही हो. आहेत."

राजीवराव मान हलवून आत गेले. काचेच्या दारातून पाठमोरे दिसत होते तोवर त्यांनी मागे पाहिलं नाही. रांग कुठली घ्यायची ते ठरवण्यात ते गुंतले होते.

परत येताना दुपार झाली. सुनेत्राबाईंनी गाडी ओक ट्री रोडवर वळवली आणि डोशाच्या हॉटेलात गेल्या. "कितने लोग, आंटी?" वेटरने विचारलं. "एक," त्या म्हणाल्या, आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीवर पर्स ठेवली. वेटरने मेन्यू आणून दिला. इथे त्या शंभरदा आल्या असतील, पण मेन्यू हातात घेतल्याचं आठवत नव्हतं. राजीवराव खुर्चीत बसायच्या आधीच सांगत, 'दोन मैसूर मसाला, एक कमी तिखट.' कमी तिखट सुनेत्राबाईंचा असायचा. हे कधी, कुणी, कशावरून ठरवलं होतं, ते काही केल्या आठवेना. त्यांनी पहिल्या पानापासून सगळा मेन्यू वाचला, पेयांसकट. वेटर दोनदा येऊन गेला.

"मैसूर मसाला," शेवटी त्या म्हणाल्या. "तिखट."

"आंटी, हमारा तीखा बहुत तेज होता है."

"चालेल."

दुसऱ्याच घासाला डोळ्यांतून धारा लागल्या. नाक वाहू लागलं, कान गरम झाले. शेजारच्या टेबलावरची पोरं वळून बघू लागली. वेटर धावत बर्फाचं पाणी घेऊन आला.

"सब ठीक है, आंटी? दूसरा लाऊं?"

सुनेत्राबाईंनी नको म्हणून मान हलवली. रुमाल पर्समध्ये होता, पर्स समोरच्या खुर्चीवर होती. त्यांनी हाताच्या पाठीने डोळे पुसले, पाण्याचा ग्लास जरा बाजूला सरकवला, आणि पुढचा घास मोडला.